चढवलेलं वय

शकुबाई बावड्याहून पहिल्या एसटीनं निघाली, ती नातीला लस टोचून घेतल्याशिवाय माघारी फिरायचं नाही असं ठरवूनच. इंदापूरला गाडी बदलली, बारामतीला बदलली, पणदऱ्याच्या फाट्यावर उतरली आणि डोक्यावर पदर घेऊन उसाच्या कडेकडेनं वस्तीची वाट धरली. गुडघे दुखत होते. दुखू देत. गुडघ्यांचे लाड करायला तिला आज वेळ नव्हता.

या वस्तीवर तिनं तिची लेक भीमा दिली होती. भीमाला जाऊन चार वर्षं झाली, तरी शकुबाईचं येणंजाणं सुटलं नव्हतं, कारण भीमाची छकुली इथंच होती. जावई मानसिंग पूर्वी मेंढरांमागं हिंडायचा, आता दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. मेंढरं विकली गेली, त्या जागी ऊस आला, घराला स्लॅब पडला. एक गोष्ट तेवढी बदलली नाही. घरात शब्द चालायचा तो मानसिंगच्या वडलांचा, बापूसाहेबांचा. घरातले सगळे त्यांना आबा म्हणायचे.

भीमा गेली ती गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं. हे नाव शकुबाईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, आणि तोवर फार उशीर झाला होता. पोरीच्या अंगावरून जात होतं आणि पोरगी लाजेपायी सगळ्यांना सांगत होती, कंबर दुखतीय. शेवटचे महिने तिनं माहेरी काढले. अंगाला वास यायचा म्हणून ती छकुलीला जवळ येऊ द्यायची नाही. आतनंच म्हणायची, "आई, माझ्या बाळाला तिकडंच खेळव गं." दहा वर्षांची पोर उंबऱ्याच्या बाहेर बसून रडायची, आई आत रडायची, आणि शकुबाईनं कुणाकडं बघावं?

अशा बाईला गेल्या आठवड्यात गावातल्या आशाताईनं सांगितलं, की हा रोग होऊ नये म्हणून लस आली आहे. सरकार फुकट देतंय. चौदा वर्षं पुरी झालेल्या आणि पंधरा न झालेल्या पोरींना. शकुबाईनं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग चुलीपाशी जाऊन बसली आणि ‘माझ्या भीमाच्या वेळंला कुठं गेली होती गं ही लस’ म्हणून मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिनं ट्रंक उघडली आणि छकुलीचा जन्माचा दाखला काढून पिशवीत घातला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळं छकुली इंदापूरच्या दवाखान्यात जन्मली होती, दिवाळीच्या पाडव्याला. दाखला शकुबाईच्या नवऱ्यानं हेलपाटे घालून आणला होता. सासरच्यांनी तो कधी मागितलाच नाही.

वस्तीवर बापूसाहेब नव्हते, डेअरीच्या मीटिंगला गेले होते. शकुबाईनं कुणाची वाट बघितली नाही. छकुलीला आधार कार्ड घ्यायला लावलं, तिचा हात धरला आणि दोघी आरोग्य केंद्रावर आल्या. ओसरीवर पोरींची रांग लागली होती. एकमेकींना चिमटे काढणं, खिदळणं चालू होतं. एकीनं तर सुई दिसायच्या आधीच भोकाड पसरलं होतं. छकुली शांत होती. आईसारखीच, दुखलं तरी न सांगणारी. शकुबाईला तिचं हे शांत राहणं अजिबात आवडायचं नाही.

टेबलापाशी संजीवनी सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी कार्ड बघितलं, मोबाईलवर काहीतरी केलं आणि कार्ड परत दिलं.

"आजी, हिचं वय बसत नाही."

"बसत न्हाय म्हंजी?"

"सोळा पूर्ण आहेत. एक जूनला सतरा होतील. ही लस पंधराच्या आतल्या मुलींना आहे."

शकुबाईला आधी हसूच आलं. "बाई, दुसऱ्या कुणाचं कार्ड वाचलंसा. हिला पहिली आंघोळ मी घातलीया माझ्या ह्या हातांनी. चौदा सरून पंधरावं चालू हाय पोरीला. सोळा कुठनं आली?"

सिस्टरनी कार्ड तिच्यापुढं धरून तारीख वाचून दाखवली. आता मात्र शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा आवाज चढला तसा आतनं डॉक्टर बाहेर आला. कोवळा पोरगा, नुकताच नोकरीला लागलेला असावा. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. शकुबाईनं पाणी घेतलं, पण खुर्ची घेतली नाही.

"आजी, नियम मी केलेला नाही," डॉक्टर म्हणाला. "चौदा पूर्ण आणि पंधराच्या आत. जास्तीचं वय टाकलं की नोंदच पुढं सरकत नाही. नोंदीशिवाय मी लस दिली तर मला जाब विचारतील."

"आन् ज्यांचं पंधरा सरलं, त्यांनी काय करायचं? त्यांना हा रोग होत न्हाय व्हय?"

"होतो. पण आत्ता एवढ्याच वयाच्या मुलींपासून सुरुवात केलीय. बाकीच्यांना बाहेर विकत मिळते."

"विकत! आवं, विकत घ्यायची ऐपत असती तर मी बावड्यासनं उन्हातान्हात कशाला तडफडत आले असते? मग रोगालाच सांगा की, बाबा, पंधराच्या फुडच्या पोरीकडं जाऊ नगंस, तुझं सरकारात ठरलंय म्हणून!"

रांगेतल्या पोरी हसल्या. डॉक्टर हसला नाही. त्यानं हळूच विचारलं, "घरात कुणाला झाला होता का?"

"हिच्या आईला. माझ्या लेकीला. गेली ती."

मग डॉक्टरनंच खुर्ची ओढली आणि शकुबाईला बसवलं. तिनं पिशवीतला दाखला काढला. त्यानं तो नीट वाचला आणि त्याचा चेहरा जरा उजळला. हा दाखला खरा धरता येईल, म्हणाला. पण त्यात बाळाचं नाव नव्हतं. बारसं व्हायच्या आधी काढलेला, नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं. हीच ती मुलगी आणि हेच तिचं खरं वय, असं घरच्यांनी लिहून द्यायला हवं, आणि लसीला संमतीही द्यायला हवी.

"मग मी देते की. आना कागद."

"तुम्ही आईकडच्या, आजी. मुलगी वडलांकडं राहते. वडील किंवा आजोबा पाहिजेत. उद्यापर्यंत या. उद्याचा दिवस लस इथं आहे, नंतर ती दुसऱ्या केंद्रावर जाणार."

आईकडची! पोरीच्या आईला पोटात वाढवली ती हिनं, तिचं बाळंतपण काढलं हिनं, तिचं मरण काढलं हिनं, आणि सही करायला मात्र ही परकी. शकुबाई ओठ चावत उठली. बाहेर पायरीवर संजीवनी सिस्टर तिच्यामागं आल्या. आता त्या टेबलावरच्या बोलीत बोलल्या नाहीत.

"आजी, शाळेत घालताना आज्यानंच सांगितलं आसंल वय. हितं लई पोरींचं असं हाय. चढवून लावत्यात."

"कशापायी?"

सिस्टरनी छकुलीकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. "लग्नाला अडचण नगं म्हणून. कागदावर अठरा लवकर होत्यात मग."

शकुबाई पायरीवरच थांबली. छकुली चपलेनं माती उकरत होती.

"तुला म्हाईत होतं?"

"कोऱ्हाळ्याची मान्सं येऊन गेली, आजी," छकुली खालमानेनं म्हणाली. "मला च्या घिऊन पाठवलं होतं बाहेर. आबा त्यास्नी म्हणलं, फुडच्या वर्साच्या जूनला अठरा पुरी हुत्यात."

नववीतली पोर. दप्तरात अजून चिंचा घेऊन फिरणारी. शकुबाईच्या तोंडातनं जी शिवी बाहेर पडली, ती ऐकून रांगेतल्या पोरींचं हसणं बंद झालं.

वाटेतच तिनं मानसिंगला फोन लावायला लावला. तो टँकर घेऊन फलटणच्या पुढं गेला होता. सासूचं सगळं ऐकून घेतलं त्यानं, आणि शेवटी म्हणाला, "आत्या, आबास्नी इचारा. आबा म्हणतील तसं." बायको आजारी पडली तेव्हाही हा असाच म्हणाला होता, दवाखान्यात न्यायचं का आबास्नी इचारतो. शकुबाईनं फोन बंद करून छकुलीच्या हातात कोंबला. "ह्याला मान्सात कुणी धरलं गं?" ती म्हणाली. छकुली फोन पुसत पुढं चालू लागली. बाप होता तो तिचा.

उन्हं उतरली तेव्हा बापूसाहेब आले. इहीणबाई अंगणात बाजेवर बसलेली बघून त्यांनी टोपी सारखी केली, खुशाली विचारली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड, वागायला मानाचा, भीमाच्या तेराव्याला शकुबाईच्या गळ्यात पडून रडला होता. म्हणून तर तिला आणखीच राग येत होता.

"इवाई, पोरीचं वय तुमी किती लावलंय?"

बापूसाहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "लावलंय जरा चढवून. सगळीच लावत्यात. तवा मेंढरं हुती, आज हितं तर उद्या तितं. म्हणलं शाळेत घालायला उशीर झालाय, गुर्जींनी लिहिलं. त्यात काय एवढं?"

"त्यात एवढं हाय, की तिला लस देत न्हाईत. भीमाला खाल्लं त्या रोगाची लस. उद्याच्याला दवाखान्यात चला आन् खरं वय लिहून द्या."

चहा आला, बापूसाहेबांनी बशीत ओतला, फुंकला, आणि मग समजावणीच्या सुरात बोलू लागले. आईविना पोर. घरात बाईमाणूस म्हणजे एक थोरली सून, तिचा तिलाच संसार. पोरगी वयात आलेली. कोऱ्हाळ्याचं स्थळ चांगलं, बागायती हाय, पोरगा कारखान्यावर हाय, मान्सं थांबायला तयार हायत, पण किती थांबतील? आता सरकारात खरं वय लिहून द्यायचं म्हणजे ठरलेलं सगळं मोडायचं.

"आन् लशीचं?"

"ती काय, लगीन झाल्यावर टोचून घेतील सासरची. त्यांची ऐपत हाय."

"सासरची?" शकुबाई बाजेवरनं उठलीच. "तुमच्या घरात माझी लेक सासरलाच हुती नव्हं? काय टोचून घेतलंत तिला? अंगाराधुपारा केलात! बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवलंत! माझ्याकडं पाठवली तवा पोरीच्या अंगात रगात उरलं न्हवतं, इवाई!"

"इहीणबाई, आवाज चढवू नगा. आजूबाजूला मान्सं हायती."

"असू द्यात की! मान्सास्नी कळू द्या!"

शेजारच्या घरातनं दोघी-तिघी बाया खरंच बाहेर आल्या. बापूसाहेबांनी मान खाली घातली, पण हो म्हणाले नाहीत. जमिनीकडं बघत एवढंच म्हणाले, "न्हाय जमायचं. पोरीच्या भल्याचंच बगतोय मी." पोरीच्या भल्याचं म्हणणाऱ्या माणसापुढं डोकं फोडून घेतलं तरी आपलंच फुटतं. शकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा भयंकर संताप आला, कारण रडायला ती इथं आली नव्हती.

तेवढ्यात सायकलवरनं ऋतिक आला. ऋतिक म्हणजे भीमाच्या थोरल्या जावेचा पोरगा. धुळीनं माखलेला, गुडघ्याला पट्टी, अंगात शाळेच्या कबड्डी संघाची बनियन. "आज्जी, कवा आलीस?" म्हणून तिच्या पाया पडला. आवाज घोगरा. वरच्या ओठावर काळी लव.

"ये रं बाबा," शकुबाई डोळे पुसत म्हणाली. "केवढा झालास. खेळून आलास व्हय?"

"व्हय. जिल्ह्याला निवड झालीया माझी. चौदा वर्षांखालच्या संघात."

शकुबाईनं पदर डोळ्यांवरनं खाली घेतला.

भीमा आणि तिची जाऊ एकाच साली पोटुशी होत्या. ऋतिक झाला गौरीगणपतीत; त्याच्या बारशाला भीमा पोटात छकुली घेऊन पाळण्याला झोका देत होती, आणि बाळाला कुंची शिवून आणली होती ती शकुबाईनं. मग दिवाळीला छकुली झाली. ऋतिक थोरला, छकुली धाकटी. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, याच आज्यानं, दोघांची बोटं धरून.

"चौदाच्या खाली?" शकुबाई सावकाश म्हणाली. "कागदावर किती रं तुला?"

"तेरा," ऋतिक म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी कळून त्यानं आज्याकडं बघितलं.

"ऋतिक, तू आत जा," बापूसाहेब म्हणाले.

"का आत जा? थांब रं!" शकुबाई कमरेवर हात ठेवून अंगणाच्या मध्यावर उभी राहिली. आता तिच्या आवाजात रडं नव्हतं. "ऐका गं बायांनो! ह्या घरात एका साली दोन लेकरं जल्मली. त्यातला थोरला तेरा वर्षांचा हाय आन् धाकटी सोळाची! चौदाचं कुणीच न्हाय! पोराचं वय उतरवलं का तर त्याला खेळायला मिळावं, पोलीस भरतीला वरीसभर जास्तीचं मिळावं. आन् पोरीचं चढवलं का तर ती लवकर घराबाहीर पडावी. एकाच तोंडानं, एकाच गुर्जीपुढं! इवाई, ती चढवलेली वर्सं कुणाची हुती? माझ्या छकुलीची हुती ती! पोराला दिलीत नव्हं उचलून?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. थोरली सून चहाचे कप उचलायला आली होती, ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"इहीणबाई, पोराचं नगा काढू. त्याचं नुकसान हुईल."

"पोराचं नुकसान कळतंय की तुमास्नी! मग असं करूया. उद्या दोघास्नी घिऊन जाऊ. दवाखान्यात हिचं खरं वय लिहू, आन् येताना शाळेत जाऊन ह्याचं. दोघांचं एकदमच खरं करू. हाय काय त्यात? मी साक्षीला हाय की. दोघांच्या बारशाला जेवलीया मी."

ऋतिकचा चेहरा पांढरा पडला होता. छकुली दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि पहिल्यांदाच मान वर करून आज्याकडं बघत होती. बापूसाहेबांनी ऋतिककडं बघितलं, त्याच्या गुडघ्याच्या पट्टीकडं बघितलं. छकुलीकडं त्यांनी बघितलं नाही.

"येतो उद्या," ते म्हणाले. "फकस्त पोरीचं लिहितो. पोराचं काढू नगा."

शकुबाईला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. मेलेल्या सुनेसाठी हा माणूस हलला नाही, आईविना नातीसाठी हलला नाही, आणि नातवाच्या कबड्डीसाठी कसा चटकन उठला! त्या रात्री तिनं त्या घरची भाकरी खाल्ली नाही. शेंगदाण्याची पोळी आणली होती, ती दोघींनी मिळून खाल्ली.

सकाळी केंद्रावर बापूसाहेबांनी डॉक्टरच्या समोर बसून लिहून दिलं, सही केली. डॉक्टरनं दाखला आणि सही दोन्ही पुन्हा वाचलं आणि संजीवनी सिस्टरना मान हलवून खूण केली. सिस्टरनी मोबाईल हातात घेतला.

"नाव?"

"छकुली मानसिंग," बापूसाहेब म्हणाले.

"जन्म?"

"लिवलंय की त्यात सगळं..." बापूसाहेबांनी कागदाकडं बोट केलं.

"दिवाळीचा पाडवा," छकुली म्हणाली. "चौदा पुरी झाल्यात मला." एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की रांगेतल्या पोरींनी वळून बघितलं.

सुई टोचली तेव्हा तिनं शकुबाईचा हात घट्ट धरला आणि "आई गं!" म्हणून चांगली ओरडली. शकुबाईला त्याचाच आनंद झाला. ओरड बाई, ती मनात म्हणाली, चांगली ओरडत जा.

लस टोचल्यावर अर्धा तास बसून राहायचं असतं म्हणून तिघं ओसरीवरच्या बाकावर बसले. मधे छकुली. बापूसाहेब थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि मग शकुबाईकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "ऋतिकचं आता कुठं निघणार न्हाय नव्हं?"

"आवं, पोरीच्या दंडात सुई गेलीया. दुखलं का म्हणून तरी इचारा तिला आधी!"

बापूसाहेब खजील झाले. "दुखलं का गं बाळ?"

"दुखलं," छकुली म्हणाली. तिनं दंड चोळला. मग आज्याकडं न बघता म्हणाली, "आबा, कोऱ्हाळ्याच्या मान्सास्नी फोन करा. त्यास्नी सांगा, मी चौदाची हाय."

बापूसाहेबांनी खिशातनं फोन काढला. नंबरही शोधला. पण अंगठा काही त्या नंबरावर टेकेना.

शकुबाईनं छकुलीच्या पुढनं हात लांब केला.

"लावा तुमी," ती म्हणाली, "आन् द्या हिकडं. मी बोलते."